बसायला की विकायला?
(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

गेले दोन महिने आमच्या घरात एका मोटरसायकलवरून खल चालू आहे. गाडी अजून घेतलेली नाही. शोरूममध्ये जाऊन दोनदा बसून आलोय, एकदा चालवून पाहिलीय. तेवढ्या भांडवलावर मिरजेतल्या निम्म्या गल्लीनं मला सल्ला देऊन ठेवलाय. सगळ्यांचा सल्ला एकच : घेऊ नका.

गाडी जावा साडेतीनशे. म्हणायला साडेतीनशे, इंजिन ३३४ सीसीचं. २०२४ च्या जानेवारीत ती बाजारात आली. ना धड लहान ना धड मोठी, मधल्या अंगाची. आमच्या गल्लीत बुलेट सात आहेत, जावा एकही नाही. ‘कोण घेतंय ती?’ असं शेजारी विचारतात. मी म्हणतो, मी घेतोय. ते म्हणतात, ‘तेच म्हणतोय, तुमच्याशिवाय कोण?’ मुलगा पुण्यात नोकरीला आहे. त्याचं म्हणणं, ‘अब्बा, बुलेट घ्या. पाच वर्षांनी विकली तरी पैसे निघतील.’ कवी माणसाला व्यवहार कळत नाही हे त्यानं लहानपणापासून पाहिलंय, त्यामुळं तो चुकीचं बोलतो असंही म्हणता येत नाही.

मी छप्पन्न वर्षांचा आहे. बायकोच्या कमरेचा मणका सरकलेला आहे. माझी सासू कवठेमहांकाळला असते, अंथरुणाला खिळलेली. दर आठवड्याला जाऊन-येऊन ऐंशी किलोमीटर होतात. माझी आत्ताची स्कूटर (नाव सांगत नाही, तिनं माझी बारा वर्षं सेवा केलीय) लहान चाकांची. खड्डा आला की मागून ‘या अल्ला’ ऐकू येतं. गेल्या पावसाळ्यात तर बायकोनं सांगूनच टाकलं, ‘मी एसटीनं जाते.’ एसटीनं गेली, दोन तास उभी राहिली आणि चार दिवस झोपून काढले. म्हणून गाडी बदलायची. जावाच्या मागच्या सीटवर ती बसली आणि काही बोलली नाही. तेहतीस वर्षांच्या संसारात तिचं गप्प बसणं म्हणजे पसंती, हे मला ठाऊक आहे.

पण मी इतिहासात रमणारा माणूस. गाडी घेण्याआधी गाडीचं कूळ शोधायला बसलो आणि तिथंच अडकलो.

जावाची सुरुवात १९२९ मध्ये प्राग शहरात झाली. फ्रांटिशेक यानेचेक हा शस्त्रं बनवणारा कारखानदार. पहिलं महायुद्ध संपून दहा वर्षं झालेली, बंदुकांना पूर्वीसारखी मागणी राहिली नव्हती. कारखाना आहे, हुशार कामगार आहेत, पण काम नाही. तेव्हा त्यानं वांडरर नावाच्या जर्मन कंपनीकडून मोटरसायकल बनवण्याचा परवाना विकत घेतला. यानेचेकचा ‘जा’ आणि वांडररचा ‘वा’, झाली जावा. त्यांच्या भाषेत त्या नावाचा उच्चार खरं तर ‘यावा’. आपण तो आपल्या सोयीनं बदलला. आणि वांडरर म्हणजे भटक्या. मोटरसायकलला याहून चांगलं नाव एखाद्या कवीलाही सुचलं नसतं.

शस्त्रांच्या कारखान्यातून गाड्या निघाल्या ही काही एकट्या जावाची गोष्ट नाही. बीएसए या इंग्लिश गाडीच्या नावातच बर्मिंगहॅमची शस्त्रं आहेत. रॉयल एनफिल्ड हे नाव आलं एनफिल्ड गावच्या सरकारी रायफल कारखान्यावरून, त्या कारखान्याला ही मंडळी सुटे भाग पुरवत. मिरजेच्या माणसाला यात काही नवल वाटायचं नाही. आमच्याकडचे सतारमेकर हे मूळचे शिकलगार. तलवारी-भाले घासायचे, पाजळायचे. संस्थानांच्या लढाया थांबल्या, तलवारी भिंतीवर गेल्या आणि फरीदसाहेबांसारख्या कारागिरांनी दीडेकशे वर्षांपूर्वी हातातलं कसब तंतुवाद्यांकडे वळवलं. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. लढाई थांबली की कारागिरानं काय करायचं, या प्रश्नाचं प्रागनं एक उत्तर दिलं, मिरजेनं दुसरं.

यानेचेकची पहिली गाडी ५०० सीसीची होती. जड आणि महाग. तिला गिऱ्हाईक बेताचंच मिळालं. मग जॉर्ज पॅचेट नावाच्या इंग्लिश अभियंत्याच्या मदतीनं १९३२ मध्ये १७५ सीसीची हलकी, स्वस्त गाडी निघाली आणि कंपनी तरली. पुढं दुसरं महायुद्ध आलं, जर्मनांनी देश ताब्यात घेतला. कारखान्यात जर्मनांचं काम चालायचं आणि त्या आडून काही अभियंते चोरून एका नव्या गाडीवर खपत होते. युद्ध संपल्यावर, १९४६ मध्ये, पॅरिसच्या प्रदर्शनात ती गाडी मांडली आणि तिला सुवर्णपदक मिळालं. २५० सीसीची ही गाडी लोकांमध्ये ‘पेराक’ म्हणून ओळखली गेली. पेराक म्हणजे स्प्रिंगवाला.

हे नाव का पडलं ते सांगायला हवं, कारण माझ्या बायकोच्या कमरेचा प्रश्न इथंच सुटतो. त्या काळच्या पुष्कळ मोटरसायकलींना पुढं स्प्रिंग असे, मागं काहीच नसे. मागचं चाक सांगाड्याला थेट जखडलेलं, सायकलसारखं. सीटखाली दोन स्प्रिंगा लावून देत, बाकी सगळा हिशेब चालवणाऱ्याच्या माकडहाडानं चुकता करायचा. पेराकच्या मागच्या चाकाला दोन्ही बाजूंना नळकांड्यांत बसवलेल्या स्प्रिंगा होत्या. पुढच्या मॉडेलांत मागचं चाक झुलत्या दांडीवर आलं. शर्यती जिंकायच्याच होत्या, त्या या कंपनीनं जिंकल्याही. पण परक्या सैनिकांच्या नजरेखाली, भाकरीची मारामार असताना, मागं बसणाऱ्याला धक्का कमी बसावा म्हणून कुणीतरी डोकं चालवत होतं, हे मला फार मोठं वाटतं.

ही गाडी आपल्याकडे आणली मुंबईच्या इराण्यांनी. रुस्तम इराणी जावा आयात करत. पन्नाशीच्या दशकात परकीय चलनाची चणचण झाली, आयातीवर बंधनं आली. तेव्हा इथंच कारखाना काढायचं ठरलं. १९६० मध्ये आयडियल जावा कंपनी स्थापन झाली आणि १९६१ मध्ये म्हैसूरच्या यादवगिरीत गाड्या तयार होऊ लागल्या. म्हैसूरचे महाराज जयचामराज वडियार तेव्हा राज्याचे राज्यपाल होते, त्यांचा कारखान्याला आशीर्वाद होता. सुरुवातीला सुटे भाग चेकोस्लोव्हाकियातून येत, हळूहळू ते इथंच होऊ लागले. सत्तरच्या दशकात गाडीचं नावही बदललं, जावाची येझदी झाली.

येझदी म्हणजे यझ्दची. यझ्द हे इराणमधलं जुनं शहर. आपल्याकडचे कितीतरी इराणी, म्हणजे चहा-ब्रूनमस्कावाले, त्याच मुलखातून आलेले झरथुष्ट्री. नावाचा उगम लावताना जाणकार त्याचा संबंध ‘यझद’ म्हणजे पूजनीय या शब्दाशी जोडतात. उर्दू शायरीत आम्ही ‘यज़्दाँ’ लिहितो, अर्थ परमेश्वर. आणि अवेस्तामधला ‘यझत’ म्हणजे संस्कृतातल्या ‘यजत’चा सख्खा भाऊ, आपलं यजन, यज्ञ त्याच घरातलं. पारशांची आतश, आमची शायरी आणि शेजारच्या भटजींचा होम हे सगळं एका पेट्रोलच्या टाकीवर लिहिलेलं होतं आणि आम्ही पोरं त्या टाकीवर बसून ‘भुर्रर्र’ करत होतो.

ती टाकी माझ्या मामूंच्या गाडीची. मामू सतारीचे कारागीर. १९७९ साली त्यांनी येझदी घेतली. सतारीला लागतो तो भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या शेतांतून येतो. खायचा नव्हे, कडू भोपळा. वेलावरच पिकवून, वाळवून घेतात. मोठा माल ट्रकनं येई, पण तानपुऱ्याचे खास भोपळे मामू स्वतः जाऊन निवडत. टिचकी मारायचे, कानाला लावायचे, पुन्हा टिचकी मारायचे. शेतकरी कंटाळून जेवायला निघून जाई. असा निवडलेला भोपळा ते कुणाच्या हाती देत नसत. गोधडीत गुंडाळून, येझदीच्या मागच्या सीटवर सुतळीनं बांधून सव्वाशे किलोमीटरच्या वर आणत. मिरजेहून पंढरपूरला छोटी रेल्वे होती, बार्शी लाइटची, अडीच फुटी रुळांची. पण तिच्यातल्या गर्दीत भोपळा टिकायचा नाही. आणि ती इतकी निवांत चालायची की मामू म्हणत, ‘तेरे रेल्वेसे पहले मेरा भोपळा घर कू पोंचता.’

मी दहा वर्षांचा असताना एकदा त्या भोपळ्यामागं बसून आलोय. म्हणजे मामू, मग भोपळा, मग मी. माझं काम एकच, भोपळ्याला दोन्ही हातांनी धरून ठेवायचं. स्वतः पडलो तरी चालेल, अशी सूचना होती. रस्ता तेव्हाचा, म्हणजे डांबर कमी आणि आठवण जास्त. तरी त्या सीटवर मला झोप लागली. घरी आल्यावर माझे हात तसेच कवळलेले होते म्हणे, ते मामीनं सोडवले.

त्या गाडीच्या दोन गोष्टी आम्हाला जादूच्या वाटत. एक म्हणजे तिची किक. किक मारून गाडी चालू झाली की तोच दांडा आत दाबून पुढं वळवायचा, मग तो गिअर होतो. दुसरी, क्लच न दाबताही गिअर पडे. दांड्यावर पाय दिला की आतल्या आत क्लच सुटे. टू-स्ट्रोक इंजिन, त्यामुळं पेट्रोलमध्ये ऑइल मिसळावं लागे. पंपावर मामू मापानं ऑइल ओतत आणि गाडी हलवून घेत, घुसळल्यासारखी. दोन सायलेन्सर, दोन्हींतून निळसर धूर. गल्लीच्या तोंडाशी गाडी आली की मामी चुलीवर तवा ठेवी. कारागीर माणूस, मामूंना तिचा आवाजही सुरात हवा असे. ‘खर्ज लागला पाहिजे,’ म्हणत. मेकॅनिकची बिचाऱ्याची पंचाईत होई, खर्ज कुठल्या स्क्रूनं लागतो ते त्याला कसं ठाऊक असणार!

मग १९८५ उजाडलं. हरियाणातल्या धारूहेड्याहून हिरो होंडाची सीडी १०० निघाली. चार स्ट्रोकचं शंभर सीसीचं इंजिन, ऑइल मिसळायला नको, धूर नाही, लिटरला ऐंशीच्या गोष्टी. टाकी भरा, झाकण लावा आणि विसरून जा, अशी तिची जाहिरात होती. त्याच सुमारास इंड-सुझुकी आली, आरएक्स १०० आली, कावासाकी बजाज आली. येझदी लिटरला पंचवीस-तीस द्यायची. तोवर लोक गाडीबद्दल विचारायचे, ‘कशी आहे?’ त्यानंतर विचारू लागले, ‘किती देते?’ या एका प्रश्नानं या देशातल्या मोटरसायकलींचा इतिहास बदलला. मी त्या प्रश्नाची थट्टा करत नाही. महिन्याचा पगार मोजून खर्च करणाऱ्या माणसाला तो विचारावाच लागतो. दूधवाला, शिक्षक, पोस्टमन यांना शंभर सीसीच्या गाडीनं जे स्वातंत्र्य दिलं, ते अडीचशे सीसीनं कधी दिलं नसतं.

१९९१ मध्ये देशात धुराचे पहिले नियम आले, १९९६ मध्ये ते आणखी कडक झाले. टू-स्ट्रोकवाल्यांना ते जड गेले. विक्री आधीच घसरलेली, देणी वाढलेली. १९९६ मध्ये म्हैसूरचा कारखाना बंद पडला. ‘फॉरएव्हर बाइक, फॉरएव्हर व्हॅल्यू’ असं ज्या गाडीचं ब्रीद, तिची किंमत दुसऱ्या वर्षी मामूंना कळली. १९९७ मध्ये त्यांनी येझदी विकली. भंगारवाल्यानं वजनावर घेतली. तिच्या जागी शंभर सीसीची गाडी आली, लिटरला सत्तर देणारी. त्या वर्षी पंढरपूरहून आणताना दोन भोपळे तडकले. मामू काही बोलले नाहीत. त्यानंतर मात्र भोपळे ट्रकनंच येऊ लागले, आणि टिचकी मारून निवडायला मामूंचं जाणं आपोआप बंद झालं.

आता बुलेटबद्दल. माझ्या मुलाला वाटतं, बुलेट कायमची लोकप्रिय होती. मी त्याला सांगतो, बाबा रे, आम्ही कॉलेजात असताना बुलेट कोण घ्यायचं? पोलीस, मिलिटरीतून आलेले सुभेदार आणि ज्यांच्या दारात ऊस वाहणारा ट्रॅक्टर उभा आहे असे बागायतदार. १९५५ मध्ये मद्रासला तिचं काम सुरू झालं ते मुळात सैन्यानं मागवल्या म्हणून. इंग्लंडमधली कंपनी १९७० च्या सुमारास संपली, इथली चालू राहिली, पण रखडत. गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या, त्यामुळं दुसऱ्याची बुलेट घेतली की हमखास ब्रेकऐवजी गिअर दाबला जायचा. नव्वदीत तिचं डिझेल भावंडही आलं होतं, लिटरला सत्तरच्या आसपास देणारं. त्याची थरथर अशी की दुधाच्या किटलीत वरच्यावर लोणी यावं. १९९४ मध्ये आयशरनं कंपनी ताब्यात घेतली, तरी २००० साली ती बंद करावी की काय इथवर गोष्ट आली होती. सिद्धार्थ लाल या तरुण मालकानं ती चालवून दाखवायची मुदत मागून घेतली. पुढं नवी इंजिनं आली, २००९ मध्ये क्लासिक आली आणि मग जे झालं ते तुम्ही रस्त्यावर रोज ऐकता. म्हणजे आज जी सगळ्यांना हवी आहे, ती पंचवीस वर्षांपूर्वी कुणालाच नको होती. तेव्हा जी माणसं ती घेत होती, त्यांनाही शेजारी हेच विचारत असतील, ‘कोण घेतंय ती?’

अर्थात यावरून जावाचंही तसंच होईल असं मला म्हणायचं नाही. नको असलेल्या सगळ्याच गाड्यांचे दिवस फिरत नाहीत. राजदूत-यामाहा ३५० आठवा. १९८३ ते १९८९ एवढीच ती इथं बनली. वेगाला भन्नाट, पेट्रोलला अधाशी, किमतीला जड. बनत होती तेव्हा गिऱ्हाईक नाही आणि बंद पडल्यावर शौकीन दुप्पट-तिप्पट मोजू लागले. त्या शौकिनांचा कारखान्याला काय उपयोग?

जावा परत आली ती २०१८ च्या नोव्हेंबरात. महिंद्रा समूहाच्या क्लासिक लेजंड्स या कंपनीनं ती आणली, रुस्तम इराणींचे चिरंजीव बोमन इराणी त्यात भागीदार. गाड्या आता म्हैसूरला नव्हे, मध्य प्रदेशात पीथमपूरला होतात. २०२२ मध्ये येझदीचं नावही परतलं. मी स्वतःला फसवत नाही. ही मामूंची गाडी नव्हे. हिचं इंजिन चार स्ट्रोकचं, पाण्यानं गार होणारं. ऑइल मिसळायला नको, निळा धूर नाही. दोन सायलेन्सर तेवढे ठेवलेत, ओळख पटावी म्हणून. नाव तेच, पोटात सगळं निराळं. नाव राहिलं म्हणून माणूस राहतो का, हा प्रश्न गाडीलाही लागू आहे. तेव्हा ‘आठवण’ हा मुद्दा मी हिशेबातून बाजूला काढला. आठवणीसाठी दोन लाख रुपये खर्च करण्याची माझी ऐपत नाही.

हिशेब सरळ मांडला. महिन्याला माझं आठशे किलोमीटर फिरणं. साधी सव्वाशे सीसीची गाडी लिटरला साठ देते असं धरलं, आणि ही तीस. पेट्रोल शंभराच्या पुढं. म्हणजे महिन्याला तेरा-चौदाशे रुपये जास्त, दहा वर्षांत दीड लाखाच्या वर. २२ सप्टेंबर २०२५ पासून साडेतीनशे सीसीपर्यंतच्या गाड्यांवरचा जीएसटी अठ्ठावीसवरून अठरा टक्क्यांवर आला, त्यानं थोडं हलकं झालं, पण दीड लाख काही भरून येत नाहीत. दुसऱ्या पारड्यात काय? शोरूम लांब. सुटे भाग गल्लीच्या कोपऱ्यावर मिळतील याची खात्री नाही. विकायला काढली तर गिऱ्हाईक शोधावं लागेल. हे सगळं खरं. मग उरतं काय, तर मागच्या सीटवर गप्प बसलेली बायको. ती पैशात कशी मांडायची? तिला आईकडे जाता येतं की नाही, एवढाच तो प्रश्न आहे, आणि सासूबाई किती वर्षं आहेत हे आमच्या हातात नाही.

‘बुलेटवरही बसून बघा ना,’ मुलगा म्हणाला. बसलो. तीही वाईट नाही. खरं सांगायचं तर बायकोला तिची मागची सीट जरा उंच वाटली, मला तिचं वजन. दुसऱ्या कुणाला उलटं वाटेल. गाडीचा आराम हा चपलेसारखा असतो, दुसऱ्याच्या पायानं ठरवता येत नाही.

शेवटी मामूंकडे गेलो. ते आता सत्तरीच्या पुढं आहेत. बोटांची थरथर वाढल्यामुळं काम बंद आहे, पण दुकानात येऊन बसतात आणि मुलांनी लावलेल्या तारांना नावं ठेवतात. त्यांना सगळा हिशेब ऐकवला. पेट्रोल, जीएसटी, विकताना येणारी किंमत. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘बैठने कू लेता की बेचने कू?’

मी म्हटलं, ‘मामू, लोक म्हणतात...’

‘लोगां कू छोड. तू किसकू बेचने वाला? तेरी उमर देख, गाडी की देख. दोनो में पहले कौन जाता, बोल.’

हा हिशेब मुलानं केला नव्हता.

गेल्या रविवारी मामूंना रिक्षात घालून शोरूमला नेलं. सेल्समन पोरगा विशीतला. त्यानं त्यांना हाताला धरून गाडीवर बसवलं. मामूंनी हँडल धरलं, टाकीवरून हात फिरवला आणि डावा पाय खाली नेऊन काहीतरी चाचपू लागले. पोरगा म्हणाला, ‘चाचा, काय शोधताय?’

‘किक कहां है?’

‘किक नाही चाचा. बटन आहे.’

त्यानं बटन दाबलं. मामूंनी मान कलती करून आवाज ऐकला, थोडा वेळ ऐकतच राहिले. खर्ज लागला की नाही ते सांगितलं नाही. मग उतरले, मागच्या सीटवर तळहात ठेवून दोनदा जोरानं दाबलं आणि पोराला विचारलं, ‘इस पे भोपळा बंधता क्या?’

पोरानं माझ्याकडे पाहिलं. मी काय सांगणार? मामूंनीच मग ठरवून टाकलं. येत्या रविवारी पुन्हा जायचं आहे. ट्रायलला गाडी कवठेमहांकाळच्या रस्त्यानं न्यायची आणि सीटवर दुकानातला एक वाळका भोपळा गोधडीत गुंडाळून बांधायचा. बायको म्हणाली, ‘मी येऊ की भोपळाच नेताय?’ मामूंनी तिला सांगितलंय, पहिली फेरी भोपळ्याची, दुसरी तुझी. गोधडी तिनं काल उन्हात घालून ठेवली आहे.